निबंधवाचनानंतरची दहा मिनिटे



  वर्षभरातल्या कामाचा आढावा अध्यक्षाने आपल्या भाषणात घ्यावा असा प्रघात आहे. तो कार्यवाहांच्या छापील अहवालात आलेला आहे, आणि मला जे बोलायचे आहे ते फार वर्षे मनात साचले आहे. तेव्हा थेट त्यालाच हात घालतो.

आपल्या विद्यार्थ्यांना कोणी प्रश्न विचारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही परिषदेचा दिवस आठवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, बीजभाषण, आभार. जेवणे उरकेपर्यंत दोन वाजतात. मग वर्गखोल्यांमधून समांतर सत्रे सुरू होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. सत्राध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात, ‘छान मांडणी’ म्हणतात आणि पुढचे नाव पुकारतात. जतहून नाहीतर पाटणहून पहाटेच्या एसटीने आलेली मुलगी प्रमाणपत्र पिशवीत घालून परतीची गाडी गाठते. ‘हे तुला कशावरून कळले?’ एवढेसुद्धा तिला कोणी विचारलेले नसते. मला याचा संताप येतो.

हे आपोआप झालेले नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमांनी शिक्षकाच्या बढतीसाठी गुणांचा हिशेब आणला आणि पेपर वाचला की गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणे आणि दोन परिषदांत वाचणे सक्तीचे केले. पेपर वाढले, ऐकणारे वाढले नाहीत. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, पण आपण बसवलेली घडी तशीच राहिली. दिल्लीला दोष देऊन आपली सुटका नाही. सत्राचे वेळापत्रक दिल्लीत ठरत नाही, आपल्या स्टाफरूममध्ये ठरते.

आणि हे घडते कोणत्या भागात? इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईत सापडलेल्या कागदांवर उभा राहिला आणि १८९८ मध्ये निघाला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. त्यांच्यापाशी ना संशोधनाची पदवी होती, ना अनुदान. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. तिथे निबंध वाचायचा तो जाणकारांच्या सभेपुढे, आणि शंकांना तोंड देण्याची तयारी ठेवूनच. त्या पिढीचे संशोधन अशा सभांमधून घडले.

प्रश्नांचे राहिले बाजूला, आपल्यात गेली काही वर्षे एक वाद चालू आहे, पेपर मराठीत वाचावा की इंग्रजीत. पाटण तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय कोयना धरणाने उठवलेल्या गावांचा होता. तिने इंग्रजी पेपर घडाघडा वाचला, एकही चूक नाही. मी मराठीत विचारले, ‘ज्या आजींशी बोललात, त्या जुन्या गावाचे पहिल्यांदा काय सांगतात?’ तिने कागद खाली ठेवला आणि बोलत राहिली. नव्या जागी शेजार बदलला, लग्ने जमवायची कशी ही चिंता आली, असे कितीतरी. यातले एक अक्षर पेपरात नव्हते. माझ्यापुरता तो वाद त्या दिवशी संपला. माहिती ज्या भाषेत मिळाली, त्या भाषेत मुलाला आधी बोलू द्या. इंग्रजी त्याने जरूर शिकावे, पण त्यानंतर.

दुसरा वाद पीपीटीचा. चांगली पीपीटी करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा उदंड झाल्या. त्यावर मला सांगलीजवळच्या हरिपूरची गोष्ट सांगू द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद ज्यात पिढ्यान्‌पिढ्या साठवली, ती हरिपूरची जमिनीखालची पेवे २००५ च्या महापुराने पुष्कळशी निकामी केली. या पेवांवर एका मुलाने एम.ए.चा प्रकल्प केला. क्षमता, भाडे, बाजारभाव, सगळे तक्ते रंगीत. विभागात त्याचे कौतुक झाले. मी त्याला म्हटले, हेच हरिपुरात जाऊन वाच. संगमेश्वराच्या देवळापाशी पंधरा-वीस माणसे जमली. पडदा नाही, वीजही गेलेली. त्याचे बोलून झाल्यावर एक वयस्क हमाल म्हणाले, ‘पेव उघडल्यावर किती वेळानं आत उतरायचं, ते लिहिलंय का?’

मुलगा गप्प झाला. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा उरत नाही. तोंड उघडून बराच वेळ थांबावे लागते, घाई केली तर माणूस जातो. त्याच्या सगळ्या तक्त्यांत हळद होती, ती वर काढणारा माणूस नव्हता. नंतरचे कित्येक दिवस तो हमालांच्या घरी बसला. त्याच्या प्रकल्पातले हमालांवरचे प्रकरण आजही मी नव्या विद्यार्थ्यांना वाचायला देतो. मांडणीचे कौशल्य म्हणतात ते त्याला पीपीटीने दिले नाही, त्या हमालांच्या एका प्रश्नाने दिले.

२०२३-२४ पासून एम.ए., एम.एस्सी.लाही संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. म्हणजे जी घडी पीएच.डी.पुरती होती, ती प्रत्येक वर्गात येणार. प्रश्नोत्तराविना असे प्रकल्प झाले तर नकललेल्या कागदांचे गठ्ठे वाढतील आणि मुलांना वाटेल की संशोधन म्हणतात ते हेच.

म्हणून काही कामे सुचवतो. पेपर कमी घ्यावेत. दहा मिनिटे वाचनाला, तर दहा मिनिटे प्रश्नांना. ज्या गावाचा अभ्यास केला, त्या गावात एकदा वाचन व्हावे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालयांनी मिळून महिन्याला एखादी निबंधसभा भरवावी. त्याचे नियम, जागा, खर्च कार्यकारिणीने बसून ठरवावे. मला त्यात शिरायचे नाही.

मात्र एक गोष्ट उद्यावर ढकलता येणार नाही. उद्या सकाळच्या सत्रांना जे अध्यक्ष म्हणून बसणार आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या सत्रातले निबंध आज रात्रीच मागून घ्या, वाचा, आणि प्रत्येक मुलाला विचारायचा एक खरा प्रश्न लिहून आणा.