घरकुलाचा निधी आणि आपला हक्क
(शेलूबाजार, जि. वाशीम येथे केलेले भाषण)



१९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी आपणांस धम्म दिला आणि मनाची गुलामी तुटली. परंतु गळक्या घराचा प्रश्न आपणच सोडविला पाहिजे.

धर्मांतराने सवलती जातात, असे भय आजही कोणी घालतो. ते खोटे आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राने तर नवबौद्धांस सवलती त्यापूर्वीच दिल्या होत्या. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्याचकरिता आहे. तेव्हा धर्म लपविण्याचे कारण काय?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. हे कोणाचे दान नव्हे. त्यात आपलीही घरपट्टी आहे.

घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभा करते. त्या दिवशी आपण कोठे असतो? कोणी सोयाबीनच्या रानात, कोणी बाजारात! यापुढे प्रत्येक घरातून एक स्त्री व एक पुरुष सभेस गेलाच पाहिजे. जागेचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावे आहे ते पाहा. जातीच्या दाखल्यासाठी वेळीच अर्ज करा. १५ टक्क्यांचा हिशेब लेखी मागा. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. वकिलीत मी हेच पाहिले, की तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद मात्र टिकतो.

याचना करू नका, हिशेब विचारा. जय भीम!