समाजमंदिरातला रविवार

आमच्या गावचं समाजमंदिर वर्षातले बरेच दिवस कुलपात असायचं. बारसं, साखरपुडा, मतदान असलं की उघडायचं, एवढंच. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे आपल्याला माहीत आहे. गेल्या १५ ऑगस्टच्या आधीच्या महिला सभेत आम्ही गटाच्या बायकांनी मागणी केली, की रविवारी दुपारी ३ ते ५ किल्ली आमच्याकडे द्या. पोरं आणि आई-बाप एकत्र खेळतील, बसतील. नुसत्या होकारावर थांबलो नाही, ठराव वहीत लिहून घेतला. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून सतरंज्या आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या मागितल्या. दोऱ्या मिळाल्या. सतरंज्या अजून मागतोच आहोत.

पहिल्याच रविवारी ४० पोरं! लगोरी, सापशिडी, नुसता कल्ला. आणि सांभाळायला आम्ही चौघी. महिनाभरात दमलो. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "गावाची पोरं बघतेस, घरची कोण बघणार?" त्यांचं काही चूक नव्हतं. बंद करायचीच वेळ आली होती.

चूक आमची होती. गटाच्या बैठकीत आम्ही विचारायचो, "मदतीला कोण येणार?" सगळ्यांच्या माना खाली. मग एकेकीच्या घरी गेलो आणि विचारलं, "ताई, महिन्यातून एकच रविवार, फक्त हजेरीची वही धराल का?" तेव्हा होकार आले. गुडघ्यांनी अडलेल्या एका आजींना काय काम द्यायचं, असं वाटलं होतं. त्या भिंतीला टेकून सागरगोटे शिकवतात आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथंच असते.

बाप्यांचं अवघड. पोरं दाराशी सोडली की पारावर. एकदा आम्ही चिपाडांची बैलगाडी करायचं ठरवलं आणि "आम्हाला जमत नाही, दाखवा" म्हणून चौघांना आत बोलावलं. जमत होतं हो, पण काय करणार! त्यातले दोघं पुढच्या रविवारी आपणहून आले. झाडू मात्र अजून कुणी हातात घेत नाही.

एक नियम आम्ही कडक ठेवलाय. ज्यानं मूल आणून सोडलं, त्याच्याच हाती परत द्यायचं, आणि एकट्या मोठ्या माणसानं मुलाला घेऊन आतल्या खोलीत जायचं नाही. मदतीला येणाऱ्यांनाही हाच नियम. एकदा एक पाहुणे आले, म्हणाले, मी हिचा मामा. आम्ही मुलगी सोडली नाही, आईला बोलावणं धाडलं. तो खराच मामा निघाला. घरचे चांगलेच रागावले, दोन रविवार मुलगी आली नाही. आम्हाला वाईट वाटलं, पण नियम तोच ठेवला. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबरही दारामागं खडूनं लिहिलाय.

आता त्याच मुलीची आई महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी वही घेऊन दाराशी बसते. चौथ्या रविवारची वही अजून कुणी घेतलेली नाही.