कडू पाला आणि डॉक्टरांची गोळी

मधुमेह झाला म्हटले की सल्ला द्यायला अवघी आळी पुढे सरसावते. कुणी कारल्याचा रस सांगतो, कुणी मेथी, कुणी गुडमारीचा पाला. गुडमारीचे पान चावून पाहा. पुढे घटकाभर साखर जिभेला वाळूसारखी लागते. नाव काही उगीच नाही पडले! पण जिभेची गोडी गेली म्हणजे रक्तातली गेली, असे नव्हे.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कॉलेजात शिकवणारा माणूस. पाल्यात गुणच नाही, असे मी म्हणत नाही. मेटफॉर्मिनचे मूळसुद्धा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीपर्यंत जाते. गुण असतो, म्हणूनच जपायचे. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना वर पाला घेतला, तर दोन्ही मिळून साखर ७० मिलिग्रॅमच्याही खाली उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, भलतेच बरळणे; आणि घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे! माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्या.

तेव्हा डॉक्टरांपासून पुडी लपवू नका. वैद्यबुवांनाही गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. आणि लहान मुलाचे इन्शुलिन पाल्याच्या भरवशावर कधीही थांबवू नका. ते रुग्णाला प्रथम टोचले गेले १९२२ साली. त्याआधी अशी मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत.