मुशीचं पोट काय सांगतं?



वर्सोव्याच्या बंदरावर कोळीण मुशी कापायला बसली, की घटकाभर तिच्याजवळ थांबा. पोट चिरून ती आतडी बाजूला टाकते ना, त्या आतड्यांतच आजचा आपला धडा आहे.

मुशी आणि पाकट ही एकाच घराण्यातली. यांचा सांगाडा हाडांचा नाही, कूर्चेचा. हे घराणे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे! आपल्या किनाऱ्यावरच्या लहान मुशीवर, म्हणजे स्कोलिओडॉनवर, १९२८ साली थिल्लयांपलम या प्राध्यापिकाबाईंनी पुस्तक लिहिले. पुढे प्राणिशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हीच मुशी चिरून धडे घेतले.

माणसाचे आतडे लांबलचक नि वेटोळ्यांचे. मुशीचे मात्र आखूड नि सरळ. मग अन्न पचायचे कसे? आत एक पडदा आहे, जोशीबुवांच्या पत्रिकेसारखा गुंडाळलेला. त्यामुळे थोड्या जागेत अन्नरस शोषायला पुष्कळ पृष्ठभाग मिळतो.

आता हे अन्न ढकलतो कोण? आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतले आडवे वेढे, बाहेरचे उभे. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. लेंग्यात नाडी ओवताना आपण कापड मागे चुणत पुढे सरकवतो, तसाच काहीसा हा प्रकार.

आणि हुकूम कोणाचा? मेंदूतून व्हेगस नावाची नस निघते. मुशीत तिचा अंमल मुख्यत्वे जठरापर्यंत. पुढच्या आतड्याला पाठीच्या कण्याकडून मज्जातंतू येतात. पण खरी गंमत निराळीच. स्नायूंच्या थरांमध्ये आतड्याचे स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी १८९९ साली कुत्र्याच्या आतड्याचे बाहेरचे मज्जातंतू तोडून पाहिले. तरी आतडे घास पुढे ढकलतच राहिले. जिल्ह्याहून हुकूम येवो न येवो, गावचा रोजचा कारभार ग्रामपंचायत चालवतेच की!

हे जाळे गर्भात तयार होते. आपल्यात मज्जापेशी मानेच्या बाजूने निघून आतड्याच्या टोकापर्यंत प्रवास करतात. जबडा नसलेल्या लॅम्प्रे या अतिप्राचीन माशात ही मानेकडची वाट नाही. तिथे त्या धडाच्या बाजूने येतात, असे २०१७ साली दिसून आले.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या घराशी काय संबंध? आहे तर! सुमारे पाच हजारांत एका बाळाच्या बाबतीत हा प्रवास अर्धवट राहतो. आतड्याचा शेवटचा भाग जाळ्यावाचून आवळलेलाच राहतो आणि शी अडते. म्हणून आयाबायांनो, जन्मल्यापासून २४ तासांत बाळाला पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर घुटी देत बसू नका. लगेच इस्पितळ गाठा. शस्त्रक्रियेने अशी मुले बरी होतात.

आणि गुरुजी, वर्सोव्यात १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, हे मुलांना अवश्य सांगा. पण पहिला धडा बाजारातल्या मासळीवरच होऊ द्या. वर्गात कोळ्याची पोर असेल, तर सुरी तिच्या हाती द्या. कापायचे कसे ते ती दाखवील. आत काय आहे ते तुम्ही सांगा.