अंगणातील आपटा

विजयादशमीच्या सायंकाळी रायपूरच्या मराठी घरांत आपट्याची पाने सोने म्हणून दिली-घेतली जातात. १८ व्या शतकात रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांनी ही प्रथा छत्तीसगडात रूढ केली, असे परंपरा सांगते. ‘सोनपत्ती’ हा शब्द येथील छत्तीसगढी शेजाऱ्यांच्याही ओठी आहे. पान परिचयाचे, झाड मात्र थोड्यांनीच पाहिलेले. बाजारातील जुडीत पुष्कळदा कांचनाचीच पाने निघतात. कांचनाचे पान मोठे. आपट्याचे लहान, जाड, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीने अधिक.

आपटा हा याच भूमीतील पानझडी वृक्ष. तो ठेंगणा व वाकड्या खोडाचा असल्याने भनपुरीसारख्या कारखान्यांच्या परिसरातील लहान अंगणातही मावतो. पक्व शेंगांतील बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे, चैत्राच्या सुमारास पिशवीत पेरावे आणि आषाढात, सोटमूळ पिशवीत वेटाळण्यापूर्वी, भरपूर उन्हाच्या जागी रोप लावावे. मुरमाड भाटा जमीन त्यास मानवते. काळ्या कन्हार जमिनीत मात्र पाणी साचू नये म्हणून उंचवट्यावर लावणे बरे. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढीच त्याची अपेक्षा.

पुढे खरी कसोटी लावणाऱ्याची असते. उन्हाळ्याच्या तोंडी आपटा निष्पर्ण होतो आणि वाळला असे समजून तोडलाही जातो. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. त्याच उन्हाळ्यात पिवळसर पांढऱ्या फुलांचे तुरे आणि नवी पालवी येते.

दुसरे संकट दसऱ्याचे. पाने झाडाचे अन्न तयार करतात. पानझडीपूर्वीच फांद्या ओरबाडल्या, तर कोवळे झाड खुरटते.

वरतंतूंचा शिष्य कौत्स याने गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे १४ कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कुबेराने त्याहून अधिक वर्षाव केला. तरी कौत्साने १४ कोटींवर एकही मुद्रा घेतली नाही. उरलेले सोने आपट्याखाली लोकांनी लुटले, अशी लोककथा आहे. दसऱ्याला लुटीचे स्मरण राहिले, कौत्साची मर्यादा मात्र विसरली गेली.

शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षी प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या अंगणात एक आपटा रुजावा आणि दसऱ्याला त्याचे एकच पान गुरुजनांच्या हाती पडावे. ती गुरुदक्षिणा कौत्सालाही मान्य झाली असती.