शिंपल्याची बिजागरी



कपिलधारच्या यात्रेत एका ऊसतोड कामगाराच्या मुलीने आमच्या हातावर नखाएवढा रेघाळ शिंपला ठेवला. 'कुंडातला आहे' म्हणून तो तिला विकलेला. आम्हीही मान डोलावून मोकळे झालो. घरी भिंगातून पाहिला, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

शिंपला ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नये. तो उन्हाने उडतो. आधी फासळ्या पाहाव्यात. त्या काठाला समांतर असतील, तर कोकणातल्या तिसऱ्यांचे कूळ संभवते. टोकापासून काठाकडे पंख्यासारख्या पसरल्या असतील, तर शिंपला उलटा करून बिजागरी पाहावी. सरळ रेषेत करवतीसारखे पुष्कळ बारीक दाते असले, तर 'आर्क' कूळ. दाते मोजके आणि बिजागरी वाकलेली असली, तर 'कॉकल'.

आमच्या शिंपल्याला जाड फासळ्या होत्या आणि दात्यांची ओळही होती. आपल्या नद्यांतल्या नेहमीच्या शिंपल्यांत ही जोडी आढळत नाही. बालाघाटचा दगड तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे शिंपला समुद्रावरूनच आलेला.

मुलीला खरे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे ह्यानं समुद्र बघितलाय!" आणि तिने तो अधिकच जपून ठेवला.

तिच्या बापाला मात्र आम्ही एवढेच म्हणालो : उचलीच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तोही असाच उलटून पाहा, वाचता येत नसेल, तर आम्हाला हाक मार.