शाळेआधीची पंगत

महाराष्ट्रातील ग्रामीण शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळांचा उल्लेख अगत्याने होतो. वसतिगृहांचा मात्र ओझरताच होतो. वास्तविक शतकापूर्वी खेड्यातील कित्येक हुशार मुलांचे शिक्षण अडले ते शाळेच्या गावी निवारा आणि दोन वेळची भाकरी नव्हती म्हणून. माधुकरी मागून वा वार लावून जेवण्याची सोय विशिष्ट जातींच्या मुलांपुरतीच होती. इतरांनी जेवावे कोठे?

हा प्रश्न राजर्षी शाहू छत्रपतींनी अचूक ओळखला. कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. तेव्हा त्यांनी व्यवहारी मार्ग पत्करला : १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहांवर पुढे टीका झाली. परंतु ज्या काळी मुले एका पंगतीस बसावयास तयार नव्हती, त्या काळी निदान प्रत्येकाच्या पुढ्यात ताट तरी आले, हे टीकाकारांनी विसरू नये.

एका पंगतीचा उरलेला प्रश्न सोडविला तो कोल्हापुरातच काही काळ जैन बोर्डिंगात राहिलेल्या एका विद्यार्थ्याने. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली व तेथील वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. त्याचा नामकरण समारंभ १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाला. येथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. मुलांना अंगमेहनतीची कामे करावी लागत. श्रमाचा हा आग्रह केवळ तत्त्वापोटी नव्हता. कोठीत धान्य नसे, हेही त्याचे एक कारण होते.

या कोठीची खरी धनीण लक्ष्मीबाई. जन्माने सोवळ्याओवळ्याच्या वातावरणातील या माउलीने सर्व जातींची मुले पोटच्या पोरांप्रमाणे वाढविली. मुले उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने एकेक करून गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव सहसा छापले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, १९४० साली साताऱ्यात सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली शिवाजी कॉलेज. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी वसतिगृह, मग विद्यालय, नंतर महाविद्यालय. पुढे सरकारी अनुदान काही काळ बंद पडले, तेव्हाही संस्था लोकांच्या देणग्यांवर तगली. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले.

आज बहुतेक गावांत शाळा आहे. तरीही ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जाणारे मूल शाळेपासून तुटते. या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. कोणत्या घरातील मूल कोयता उचलण्याआधी थांबविता येईल, हे गावात प्रथम कळते ते शिक्षकाला आणि पंचायत सदस्याला.